नको असलेला मनोरा : एगॉन आयरमान आणि बर्लिनचं स्मृतिचर्च

बर्लिनची माणसं इमारतींना नावं ठेवतात, दोन्ही अर्थांनी. झू स्टेशनातून बाहेर पडून कुडाम या मोठ्या रस्त्याकडे निघालं की दोन-तीन मिनिटांत एक तुटका, काळवंडलेला मनोरा दिसतो. त्याला ते ‘पोकळ दात’ म्हणतात. दाताच्या एका अंगाला आठ कोनांचं बसकं चर्च आहे, ती ‘पावडरची डबी’. दुसऱ्या अंगाला सहा कोनांचं सडसडीत घंटाघर, ते ‘लिपस्टिक’. तिन्ही नावं चेष्टेतून आली. आता ती लाडानं घेतली जातात.

डबी आणि लिपस्टिक ज्यानं बांधली त्या माणसाला, वास्तुकार एगॉन आयरमान यांना, दात उपटून टाकायचा होता. स्पर्धेत पहिला आलेला त्याचा आराखडा तसाच होता. मग तो दात राहिला कसा, आणि राहिल्यामुळे काय झालं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. ज्यांची नावं इतिहासात नोंदलेली आहेत तेवढीच इथे घेतली आहेत. चर्चच्या विश्वस्त मंडळातली माणसं आणि वर्तमानपत्रांना पत्रं लिहिणारे नागरिक निनावीच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी : चर्च

कैझर विल्हेल्म स्मृतिचर्च देवासाठी जेवढं बांधलं तेवढंच राजघराण्यासाठी. दुसऱ्या विल्हेल्म या कैझरनं, म्हणजे जर्मन सम्राटानं, आजोबांच्या, म्हणजे पहिल्या विल्हेल्मच्या, स्मरणार्थ ते उभारायला घेतलं. पायाभरणी २२ मार्च १८९१ रोजी, आजोबांच्या जन्मदिवशी झाली आणि १ सप्टेंबर १८९५ रोजी चर्च खुलं झालं. वास्तुकार होते फ्रान्झ श्वेश्टेन. मध्ययुगीन रोमनेस्क शैलीचं अनुकरण, जाड दगडी भिंती, पाच मनोरे, त्यांतला मुख्य ११३ मीटर उंच. प्रवेशदालनात मोझेकची चित्रं आणि त्यांत होहेनझोलर्न घराण्यातल्या मंडळींची मिरवणूक. घराण्याची भक्ती आणि देवाची भक्ती कुठे वेगळी होते हे त्या दालनात उभं राहून सांगणं अवघड आहे.

नोव्हेंबर १९४३ मधल्या हवाई हल्ल्यात, २२ च्या रात्री, चर्च जळालं. मुख्य मनोऱ्याचं टोक मोडलं. उरलेला भाग आज सुमारे ७१ मीटर उंच आहे. युद्धानंतर १९४७ मध्ये त्या चौकाचं नाव बदललं. ऑगस्टा व्हिक्टोरिया ही दुसऱ्या विल्हेल्मची राणी. तिच्या नावाचा चौक रुडॉल्फ ब्राइटशाइड या समाजवादी नेत्याच्या नावानं ओळखला जाऊ लागला. राजघराणं पाटीवरून उतरलं, पण त्याचा मनोरा तसाच उभा होता.

बर्लिनची फाळणी झाल्यावर या अवशेषाचं वजन वाढलं. शहराचं जुनं केंद्र पूर्वेकडे गेलं. पश्चिमेकडच्यांना नवं केंद्र हवं होतं आणि ते कुडाम-झू परिसरात आपसूक तयार झालं, दुकानं, सिनेमागृहं आणि रहदारीच्या गर्दीत. त्या सगळ्याच्या मध्यभागी हा मोडका मनोरा. ट्रामनं जाणारा, भाजी घेऊन येणारा, कामावरून सुटलेला, प्रत्येकाला तो रोज दिसायचा. १९५० मध्ये पूर्वेकडच्या सरकारनं शहराचा जुना राजवाडा सुरुंग लावून पाडला होता. सात वर्षांनी पश्चिमेकडे जे घडलं त्यात या आठवणीचा हात असावा असं मला वाटतं. कागदोपत्री पुरावा मात्र माझ्याकडे नाही.

पार्श्वभूमी : माणूस आणि त्याच्या खुर्च्या

एगॉन आयरमान यांचा जन्म १९०४ चा, पॉट्सडामजवळच्या नॉयेनडॉर्फचा. बर्लिनच्या तंत्रविद्यालयात हान्स पोएल्झिग यांच्या हाताखाली शिकले. नाझी काळात देश सोडला नाही. कारखान्यांच्या इमारती करत राहिले, आणि १९३७ मध्ये राजवटीच्या एका प्रचारप्रदर्शनाची मांडणीही त्यांनी केली. ही गोष्ट त्यांच्याविषयी लिहिताना अनेकदा एका ओळीत उरकली जाते. मीही इथे फार वेळ घेणार नाही, पण ती वगळणं बरोबर नाही. १९४७ पासून ते कार्ल्सरूहला प्राध्यापक होते, १९७० मध्ये गेले, आणि मधल्या तेवीस वर्षांत पश्चिम जर्मनीनं स्वतःचा नवा चेहरा घडवताना त्यांचा हात वारंवार मागितला. १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात त्यांनी सेप रुफ यांच्यासोबत केलेली आठ काचेची दालनं हे त्याचं ठळक उदाहरण. झाडांमध्ये विखुरलेली, पुलांनी जोडलेली, हलकी. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात हिटलरचे वास्तुकार आल्बर्ट स्पेअर यांनी जो दगडी बुरूज उभा केला होता, त्याच्या शेजारी ही चित्रं ठेवली की एका देशानं वीस वर्षांत काय झाकायचं आणि काय दाखवायचं ठरवलं ते कळतं.

चर्चकडे येण्याआधी त्यांच्या फर्निचरपाशी थोडं थांबायला हवं, कारण चर्चचा प्रश्न त्यांनी शेवटी कसा सोडवला त्याची किल्ली मला तिथे सापडते.

एस्लिंगेन गावातल्या ‘विल्डे उंड श्पीथ’ या कारखान्यासाठी त्यांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला खुर्च्या केल्या. त्यातली एसई ६८ म्हणजे पोलादी नळीचे चार पाय, वर वाकवलेल्या प्लायवुडची बैठक आणि पाठ. शाळा, सभागृह, कार्यालय, कुठेही चालणारी. एसई १८ ही घडीची. लग्नाच्या मांडवातली लोखंडी घडीची खुर्ची आपल्याकडे प्रत्येकानं उघडली आहे आणि निदान एकदा बोट चिमटून घेतलं आहे. एसई १८ लाकडी असून एका हालचालीत मिटते, मग भिंतीला टेकवून डझनभर ओळीत ठेवता येतात. वेताची एक खुर्चीही आहे, जिला चौकटच नाही. आतला सांगाडा नाही, वेताचं विणकाम स्वतःच भार पेलतं. आणि १९५३ चं टेबल : पोलादी नळ्यांचा सांगाडा, फुलीसारखे दोन तिरके आधार, वर नुसती ठेवलेली फळी. कार्ल्सरूहच्या विद्यार्थ्यांना आराखडे काढायला केलेलं ते टेबल आजही जर्मनीत अर्ध्याअधिक वास्तुकारांच्या कार्यालयांत असावं असं वाटतं. हा आकडा माझा नाही, निव्वळ डोळ्यांचा अंदाज आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, सांधा. लाकूड लोखंडावर चिकटवून दोन्ही एकच असल्याचा आव कुठेच नाही. डोळे मिटून बोट फिरवलं तरी लाकूड कुठे संपलं आणि नळी कुठे सुरू झाली ते कळतं. फळी सांगाड्यावर ‘ठेवलेली’ असते, उचलता येते. दोन वेगळ्या वस्तू शेजारी आणायच्या असतील तर त्यांच्यामध्ये फट सोडायची आणि ती फट नीट काढायची, हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं.

अडचण

विश्वस्त मंडळाला नवं चर्च हवं होतं. प्रार्थनेला येणारी मंडळी होती, त्यांना बसायला जागा नव्हती. १९५६ मध्ये जुन्या चर्चचा मागचा भाग धोकादायक म्हणून पाडला गेला आणि मनोरा आणखी एकटा पडला. मग निवडक वास्तुकारांची स्पर्धा झाली. मार्च १९५७ मध्ये पहिलं बक्षीस आयरमान यांना मिळालं. त्यांच्या आराखड्यात सगळं नवं होतं. मनोऱ्याचे अवशेष पाडायचे, जागा मोकळी करायची, आणि तिथे आजच्या काळाचं चर्च उभं करायचं.

आयरमान यांच्या बाजूनं पाहिलं तर यात चुकीचं काही नव्हतं. कैझरच्या गौरवासाठी बांधलेली, मुळातच उसन्या शैलीची इमारत; वास्तुकला म्हणून तिची किंमत त्या पिढीच्या आधुनिकांच्या लेखी शून्य. त्यात ती मोडलेली, जळलेली. शिवाय संपूर्ण युरोपात ढिगारे उपसायचं काम चाललं होतं. एक ढिगारा आणखी.

पण निकाल बाहेर आला आणि शहर खवळलं. वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. लोक श्वेश्टेनच्या शैलीची बाजू घेत नव्हते आणि कैझरची तर नव्हतीच. त्यांना तो मनोरा मोडका म्हणूनच हवा होता. ज्या रात्री तो मोडला त्याच रात्री त्यांची घरंही गेली होती. शहरात इतकं काही नाहीसं झालं होतं की जे मोडून का होईना उभं होतं, ते जवळचं वाटू लागलं होतं. तज्ज्ञ परीक्षकांनी इमारतीचं मूल्यमापन केलं होतं. लोक बोलत होते ते आठवणीबद्दल, आणि त्यासाठी गुणपत्रिकेत रकानाच नव्हता.

समोरचे पर्याय

जुनं चर्च होतं तसं पुन्हा बांधणं, हा पर्याय कागदावर सोपा. पण दुसऱ्या विल्हेल्मचं स्मारक १९५७ मध्ये नव्यानं बांधायचं म्हणजे नेमकं कशाचं स्मरण करायचं? शिवाय आठवण जपायची म्हणणाऱ्यांना दुरुस्त केलेला मनोरा नकोच होता. जखम शिवली की खूण जाते.

पहिल्या आराखड्यावर ठाम राहून मनोरा पाडणं. बक्षीस मिळालेलं होतं. मंडळानं ताठरपणा दाखवला असता तर कदाचित हे झालंही असतं. स्टुटगार्टमध्ये झालंच, त्याकडे येतो.

मनोरा स्मारक म्हणून सोडून चर्च दुसरीकडे बांधणं. मंडळींच्या दृष्टीनं यात तोटा उघड होता. स्मारक उरलं असतं, चर्च त्या चौकातून उठलं असतं, आणि मनोऱ्याभोवती फक्त मोटारी फिरल्या असत्या.

मनोरा ठेवून त्याच्याशी नवं काम जोडणं. यात पुन्हा दोन वाटा. नवं जुन्याला चिकटवायचं, त्याच्या कमानीतून शिरायचं, त्याच्या दगडाचा रंग उचलायचा. किंवा नवं वेगळं उभं करायचं आणि दोघांमध्ये जागा सोडायची. बाहेरच्यांना या दोन वाटा एकच वाटतात. काम करणाऱ्याला त्यांच्यातलं अंतर ठाऊक असतं. जुन्या वाड्याला नवी खोली जोडताना सांध्यातून पहिल्या पावसात पाणी येतं, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

याच सुमारास इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला वास्तुकार बॅझिल स्पेन्स हाच प्रश्न हाताळत होते. तिथलं कथीड्रल १९४० मध्ये बॉम्बहल्ल्यात जळालं होतं. पण स्पेन्स यांनी १९५१ च्या स्पर्धेत स्वतःहून अवशेष राखले होते आणि नवं कथीड्रल त्यांच्या काटकोनात ठेवलं होतं. आयरमान यांच्यावर ही अट बाहेरून लादली गेली. दोन्ही प्रकरणांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

निर्णय

आयरमान यांनी अट मान्य केली. खुशीनं नाही. पण एकदा मान्य केल्यावर अर्ध्या मनानं काम केलं नाही, आणि इथे हे प्रकरण शिकवण्याजोगं होतं. वास्तुकाराला नको असलेली वस्तू राखायला लावली की बहुतेकदा तो तिच्यावर सूड उगवतो. तिला कोपऱ्यात ढकलतो, मागे उंच भिंत बांधून खुजी करतो, किंवा काचेच्या पेटीत घालून शोभेची करतो. सुधारित आराखड्यात यातलं काहीच नाही.

पहिला महत्त्वाचा निर्णय उंचीचा. नवं घंटाघर साधारण ५३ मीटर, म्हणजे मोडक्या मनोऱ्यापेक्षा कमी. नव्या चर्चचा अष्टकोन तर २० मीटरच्या आसपास. सहज मात करता आली असती, केली नाही. मनोरा मधोमध राहिला. चर्च एका बाजूला, घंटाघर दुसऱ्या बाजूला.

दुसरा निर्णय अंतराचा. नवी एकही भिंत जुन्या दगडाला टेकत नाही. टेबलाची फळी आणि सांगाडा यांच्यात जी फट, तीच इथे माणसांना चालता येईल एवढी रुंद झाली आहे. या फटीतून वारा वाहतो, मुलं पळतात, आणि अष्टकोनाच्या राखाडी जाळीवर दुपारी मनोऱ्याची सावली पडते.

तिसरा निर्णय जोत्याचा. फट सोडली की वस्तू सुट्या पडतात, रहदारीच्या चौकात तर हमखास. म्हणून सगळ्यांना खालून एकच जोतं दिलं. चार-सहा पायऱ्या चढून वर आलं की चर्च, मनोरा, घंटाघर, छोटं प्रार्थनामंदिर आणि चर्चचं बैठं प्रवेशदालन एकाच ओट्यावर. खाली जोडलेलं, वर सुटं. मला विचाराल तर संपूर्ण प्रकल्पाचा कणा तो ओटा आहे, आणि छायाचित्रांत तोच कधी दिसत नाही.

काम कसं झालं

पायाभरणी ९ मे १९५९ रोजी झाली. भिंतीचं तंत्र आयरमान यांच्या हाताशी आधीपासून होतं. फोर्झहाइम हे छोटं शहर फेब्रुवारी १९४५ मधल्या एका हल्ल्यात जवळजवळ पुसलं गेलं. सतरा हजारांहून अधिक माणसं मेली. तिथे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी माथेउस चर्च बांधलं, त्याच्या भिंती काँक्रीटच्या साच्यातल्या जाळीदार ठोकळ्यांच्या, पोकळ्यांत रंगीत काच. ठोकळ्यांच्या काँक्रीटमध्ये शहराच्याच ढिगाऱ्याची खडी होती. बर्लिनच्या चर्चची भिंत ही त्याचीच मोठी बहीण.

चौकोनी पोकळ्यांच्या काँक्रीटच्या जाळ्या, आणि त्यांत वीस हजारांहून अधिक रंगीत काचेचे तुकडे. काच फ्रान्समधल्या शार्त्रजवळच्या गाब्रिएल ल्वार यांच्या कार्यशाळेतली. खिडकीसारखी पातळ काच ही नव्हे. जाड लादीसारखी काच हातोड्यानं फोडायची, कडा मुद्दाम ओबडधोबड छिलायच्या, म्हणजे उजेड कडेवर अडखळतो आणि फुटतो. मुख्य रंग निळा. मध्येच माणकाचा लाल, पाचूचा हिरवा, थोडा पिवळा. युद्ध संपून जेमतेम पंधरा वर्षं झाली होती आणि बर्लिनच्या चर्चचा उजेड फ्रान्समधून येत होता.

पण खरी शक्कल भिंत दुहेरी करण्यात आहे. बाहेर एक जाळी, आत दुसरी, दोघींमध्ये सुमारे अडीच मीटर मोकळी जागा. चौक रहदारीचा, एकेरी भिंत असती तर प्रवचनापेक्षा बसचा आवाज जास्त आला असता. मधली पोकळी आवाज गिळते. तिथेच दिवे आहेत. त्यामुळे संध्याकाळनंतर बाहेर अंधार असतानाही आत भिंती उजळतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दिवसा राखाडी वाटणारी डबी रात्री निळी पेटलेली दिसते. फट पुन्हा कामाला आली.

आतली लहानसहान वस्तूही आयरमान यांनी मोकळी सोडली नाही. वेदी, प्रवचनपीठ, बाप्तिस्म्याचं पात्र, दिवे, सगळं त्यांच्या कागदावरून आलं. आणि खुर्च्या. चर्च म्हटलं की डोळ्यांसमोर लांब, जड, जमिनीला ठोकलेली बाकं येतात. इथे सुट्या खुर्च्यांच्या रांगा आहेत, खास या चर्चसाठी आखलेल्या. मी तिथे एका आडदिवशी दुपारी बसलो होतो. शेजारच्या आजींनी जाताना स्वतःची खुर्ची दोन बोटं मागे सरकवली आणि पुन्हा रांगेत नीट लावली, घरच्या जेवणाच्या टेबलापाशी लावतात तशी. ठोकलेल्या बाकाशी माणूस असं वागू शकत नाही. माझ्या मांडीवरची वही तेव्हा निळी झाली होती आणि पेन्सिलची रेघ दिसत नव्हती.

वेदीच्या वर कार्ल हेमेटर यांची ख्रिस्ताची साडेचार मीटरच्या वरची धातूची मूर्ती आहे, हात पसरलेली, क्रूसाशिवाय. निळ्या भिंतीपुढे ती तरंगते असं सगळे लिहितात. लिहिणाऱ्यांचा दोष नाही; खरंच तसं दिसतं.

काय हाती लागलं

१७ डिसेंबर १९६१ रोजी बिशप ऑटो डिबेलियस यांनी चर्चचं लोकार्पण केलं. त्याआधी चार महिने, १३ ऑगस्टला, बर्लिनची भिंत उभी राहिली होती. पायाभरणीच्या वेळी कुणाच्या ध्यानीमनी नसलेला अर्थ त्या समूहाला आपोआप चिकटला. फाटलेल्या शहराच्या एका अर्ध्यानं आपल्या मध्यभागी एक मोडलेली आणि एक नवी वस्तू शेजारी-शेजारी ठेवली होती, आणि दोन्हींची सरमिसळ केली नव्हती.

१९८७ मध्ये जुन्या मनोऱ्याच्या तळात स्मृतिदालन उघडलं. कैझरच्या घराण्याची ती मोझेकची मिरवणूक तिथे तडे गेलेल्या छताखाली अजून आहे, आणि तिच्या जवळच कॉव्हेंट्रीहून आलेला, तिथल्या जळालेल्या छपराच्या खिळ्यांचा क्रूस. मनोरा पाडला असता तर हा क्रूस ठेवायला जागा कुठली असती?

१९ डिसेंबर २०१६ च्या संध्याकाळी याच चौकातल्या नाताळबाजारात एका दहशतवाद्यानं ट्रक घुसवला. त्या हल्ल्याचं स्मारक करताना वेगळा खांब किंवा पुतळा उभारला नाही. आयरमान यांच्या ओट्याच्या पायऱ्यांतून एक सोनेरी भेग ओढली आणि पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर मृतांची नावं कोरली. छायाचित्रांत न दिसणारा तो ओटा छपन्न वर्षांनी असा कामाला आला.

याच माणसाचं दुसरं प्रकरण

स्टुटगार्टमध्ये वास्तुकार एरिश मेंडेलसोन यांनी १९२८ मध्ये पूर्ण केलेलं शॉकेन दुकान होतं. काचेचा गोलाकार जिना, रात्री झळाळणारा, आधुनिक वास्तुकलेतला एक मानबिंदू. मेंडेलसोन ज्यू होते. १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. युद्धातून इमारत बऱ्यापैकी वाचली होती. १९६० मध्ये ती पाडली आणि तिच्या जागी जे नवं दुकान आलं त्याचे वास्तुकार होते आयरमान. निषेध देशोदेशींतून झाला. उपयोग झाला नाही.

नव्या दुकानाला त्यांनी पोकळ जाळीदार तुकड्यांचा दर्शनी पडदा दिला. पुढे त्याच धर्तीचे पडदे हॉर्टेन दुकानांच्या साखळीनं पश्चिम जर्मनीतल्या गावोगावी लावले आणि लोक त्यांना वैतागून ‘हॉर्टेनच्या फरश्या’ म्हणू लागले. चर्चची जाळी आणि दुकानाची जाळी एकाच हाताची, जवळपास एकाच वर्षातली. चर्चच्या जाळीमागे उजेड होता. दुकानाच्या जाळीमागे खिडकी नसलेली गोदामासारखी भिंत.

बर्लिनमध्ये जे वाचलं ते वास्तुकला म्हणून सामान्य होतं. स्टुटगार्टमध्ये जे गेलं ते असामान्य. फरक पडला तो जागेच्या मालकीमुळे आणि लोकांच्या रेट्यामुळे. मंडळाला आपल्याच शहराच्या तोंडाकडे पाहावं लागत होतं. दुकानदाराला विक्रीचे चौरस मीटर दिसत होते. दोन्ही ठिकाणी वास्तुकाराची मूळ इच्छा सारखीच होती, जागा मोकळी करण्याची. आयरमान यांचे चाहते हे वाक्य कुरकुरत का होईना मान्य करतील.

वेगळं काय करता आलं असतं

मनोऱ्याचा प्रश्न स्पर्धेच्या आधी सुटायला हवा होता. निकाल लागल्यावर लोकांना विचारणं म्हणजे पंगत बसल्यावर मीठ किती हवं ते विचारणं. विजेत्याला आपलं बक्षीसपात्र काम मोडावं लागलं, मंडळाची अब्रू पणाला लागली. आधीच अट घातली असती तर कदाचित दुसराच कुणी जिंकला असता, आणि मग ही डबी-लिपस्टिकही नसती. ही तक्रार करताना मला ते कबूल करावं लागतं.

परीक्षकांत एखादा सामान्य रहिवासी असता तर काय झालं असतं? बहुधा त्यानं आयरमान यांचा आराखडा नाकारलाच असता. नाकारून भागत नाही, अट घालून पुन्हा संधी द्यावी लागते. मंडळानं ती दिली. या प्रकरणात सगळे वास्तुकाराचं नाव घेतात. माझ्या मते कौतुकाचा निम्मा वाटा त्या निनावी मंडळाचा. त्यांनी लोकांचं ऐकलं आणि वास्तुकारही बदलला नाही. यातली एकच गोष्ट करणं फार सोपं होतं.

नव्या इमारतींच्या देखभालीचा विचार मात्र कमी पडला. पातळ काँक्रीटच्या जाळीत आतल्या सळीवर आवरण थोडंच असतं. पाणी शिरलं की सळी गंजते, फुगते आणि काँक्रीटची कपची उडवते. बर्लिनचा हिवाळा या कामी मदतच करतो. वीस हजार काचांच्या भोवती वीस हजार सांधे, प्रत्येक सांधा म्हणजे पाण्याला एक दार. फोर्झहाइमच्या लहान चर्चवर चालणारं तंत्र मोठ्या उघड्या चौकात आणायचं होतं, तर काही ठोकळे बदलता येतील अशी सोय आधीच हवी होती. ज्यानं टेबलाची फळी उचलता येईल अशी ठेवली त्याला हे सुचायला हरकत नव्हती.

आणि मनोरा. मोडकी वस्तू नेमकी तेवढीच मोडकी ठेवणं हे नवीन बांधण्यापेक्षा किचकट काम आहे. एक दगड निखळला तर तो परत लावायचा की पडू द्यायचा? लावला तर दुरुस्ती, न लावला तर ऱ्हास. २०१० नंतर काही काळ अख्खा मनोरा परांचीत आणि आवरणात गुंडाळलेला होता, आणि लांबून आलेले प्रवासी एका पांढऱ्या डबड्याकडे पाहून परत जात होते. आता पोकळ दात, डबी आणि लिपस्टिक, तिघंही वारसा म्हणून संरक्षित आहेत. पाडायला काढलेला मनोरा आणि तो पाडू पाहणाऱ्याची इमारत एकाच यादीत. परांची एकावरून उतरते आणि दुसऱ्यावर चढते.